पाहुणे धरून एकशे सव्वीस

सरांविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी यादी केली. छत्री, स्कूटर, हजेरी, सुके बोंबील, मामांची बाटली, भात. मग छत्री आणि स्कूटर खोडली. विक्षिप्त माणसाची छत्री आणि स्कूटर विक्षिप्त असणारच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाकीचं टाळता येत नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात, वयाने त्यांच्याहून बरीच लहान. वर्ग आम्ही वाटून घेतले होते, पण प्रयोगशाळेची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. काय संपलं, काय मागवायचं, कुठली ब्युरेट गळते, परीक्षेला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना चहा बिनसाखरेचा लागतो का, सगळं. सरांकडे व्यवस्था द्यायची नाही हे प्राचार्यांनी मी येण्यापूर्वीच ठरवलेलं होतं. एकदा त्यांना खडू मागवायला सांगितले, तर त्यांनी एका खडूत कॅल्शियम सल्फेट किती मोल असतं ते काढून दिलं. खडू राहिले.

हजेरी त्यांनी कधी नाव घेऊन घेतली नाही. हजेरीचा क्रमांक म्हणजे अणुक्रमांक. सर "एक" म्हणाले की पहिल्या क्रमांकाच्या मुलाने "एक" म्हणायचं, कारण हायड्रोजनचं अणुवस्तुमान एक. "सहा" म्हणाले की "बारा". सतरा नंबरवाला बिचारा वर्षभर "साडेपस्तीस" म्हणत राहायचा. आठ नंबर गैरहजर असला की सर वर्गावर नजर फिरवून म्हणायचे, "आज ऑक्सिजन आलेला नाही. जपून श्वास घ्या."

मुलं सुरुवातीला हसायची, मग कुरकुरायची आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांना सगळ्यांची वस्तुमानं पाठ झालेली असायची. सरांना मात्र मुलांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. एकदा एसटी स्टँडवर आम्ही उभे होतो. टक्कल पडलेला, चांगलं पोट सुटलेला एक माणूस पुढे आला आणि सरांच्या पाया पडला.

"सर, ओळखलंत?"

सर बघतच राहिले.

"मी साडेपस्तीस."

"अरे, क्लोरीन." सरांचा चेहरा उजळला. "वडिलांचा गुडघा कसा आहे आता?"

नाव नाही, पण गुडघा लक्षात.

त्यांना नुसता आकडा सांगितलेला चालत नसे. पाण्याचं मोलर वस्तुमान किती, असं विचारल्यावर एखादा "अठरा" म्हणाला की सर शांतपणे विचारायचे, "अठरा काय? आंबे?" त्यामुळे मुलांत त्यांचं नाव आंबेसर पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं. "अंदाजे" हा शब्द वर्गात काढायला बंदी होती. अंदाज सोलकढीत चालतो, असं ते म्हणायचे.

मासळी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. एकदा सुक्या बोंबलांच्या टोपलीपुढे ते उकिडवे बसले आणि म्हातारीला विचारू लागले, "हे ओले होते तेव्हा ह्यांचं वजन किती होतं?"

"मला काय ठाव? सुकलं ते सुकलं."

"पण किती पाणी गेलं ते कळायला नको?"

"मास्तर," म्हातारी म्हणाली, "पानी समुद्रात हाय. तितं जावन मोजा. हितं म्हावरं घ्या, नायतर सरका, मागं गिऱ्हाईक हाय."

सरांनी निमूटपणे बोंबील घेतले. परत येताना मला म्हणाले, "बाईचं बरोबर आहे. पण गेलेलं पाणी कुणीतरी मोजायला हवं."

गेलेलं आणि राहिलेलं पाणी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. बरेचसे क्षार स्फटिक होताना पाण्याचे रेणू पोटात घेऊन बसतात. त्या पदार्थाचं मोलर वस्तुमान काढताना ते पाणीही धरावं लागतं आणि मुलं नेमकी तिथेच चुकतात. पुस्तकात हे एका ओळीत आहे. सरांचा त्यावर अख्खा तास व्हायचा, आणि त्या तासाला मी माझं काम बाजूला ठेवून मागच्या बाकावर जाऊन बसायची.

"मोरचुदाचा निळा खडा म्हणजे गणपतीतलं घर," सर सुरू करायचे. "मुंबईचे सगळे आलेत. ओटीवर माणसं, पडवीत माणसं, माळ्यावर माणसं. आता अनंत चतुर्दशी झाली. सगळे गेले. घर तेच. पण पांढरं पडलं. तापवलेला मोरचूद तुम्ही बघितलाय, तसं पांढरं. आता मला सांगा, घराचं वजन किती?"

मुलं वह्यांत आकडे मांडायला लागायची.

"आधी विचारा, कधीचं घर? आधी कोण कोण आलंय ते सांगा, मग वजन सांगा."

मग फळ्यावर ऑक्झॅलिक आम्ल यायचं. हायड्रोजनचे दोन, कार्बनचे चोवीस, ऑक्सिजनचे चौसष्ट, घरची माणसं झाली नव्वद. पाण्याचे दोन रेणू, म्हणजे पाहुणे, छत्तीस. "नुसतं घर नव्वद. पाहुणे धरून एकशे सव्वीस. आणि काय ते पुढे?" सगळा वर्ग एका सुरात, "ग्रॅम पर मोल."

आमच्याकडच्या निम्म्या मुलांचे वडील, काका, भाऊ मुंबईला. गणपतीतलं घर आणि नंतरचं घर त्यांना सांगावं लागत नव्हतं.

पण सर हे फक्त फळ्यापुरतं वापरत नसत. आयत्या वेळी ते कुणाकडे जेवत नसत, हे मुलांनाही माहीत होतं. एकदा भर दुपारी पेपरचे गठ्ठे द्यायला माझ्या घरी आले. मी म्हटलं, "सर, पानं घेतलीच आहेत, बसा."

"माझा भात टाकला होतात?"

"नाही, पण पुरेल की."

"पुरेल म्हणजे कुणीतरी कमी जेवेल," असं म्हणून ते तसेच उन्हात निघून गेले. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्या पायी माझं कुठे कधी अचानक जेवण झालं नाही हो. माझ्या माहेरीसुद्धा आधी कळवून जातात. माझी आई म्हणायची, जावई आहे का सरकारी दौरा."

आता बाटलीकडे येते.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. निवृत्तीपूर्वीची सरांची शेवटची. कॉलेजकडून सर परीक्षक आणि बाहेरून राजापूरकडचे एक शिक्षक आलेले. माणूस स्वभावाने बरा, पण पहिल्यापासून घड्याळाकडे डोळा, कारण दुपारची राजापूर गाडी गाठायची होती. प्रयोग नेहमीचाच. ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचनळीत, जांभळं परमँगनेट, खाली शंकुपात्रात गरम केलेलं ऑक्झॅलिक आम्ल, मोजून दहा मिलिलीटर. थेंब थेंब सोडायचं. फिकट गुलाबी रंग येऊन टिकला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं.

हे रीडिंग, म्हणजे परमँगनेट किती लागलं ते, आमच्या कॉलेजात कायम दहा मिलिलीटर यायचं. दरवर्षी तेच द्रावण, तीच तीव्रता, म्हणून दहा. आणि वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना सांगून जायची, दहा लिहा, फार तर एकदा नऊ पॉइंट नऊ लिहा म्हणजे खरं वाटतं. सरांना ह्याचा भयंकर राग. "दहा म्हणजे काय तुमच्या घरची वहिवाट आहे?" असं ते वर्गात ओरडायचे. पण द्रावणाची तीव्रता बदलली तर परीक्षकांना त्रास होतो, म्हणून ती कुणी बदलू देत नसे.

परीक्षा संपत आली तेव्हा बाहेरच्या परीक्षकांनी मला हाक मारली. त्यांच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि एक पत्रिका वेगळी काढलेली होती. शेजारी ती मुलगी उभी होती.

ही तेरा नंबर, म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे सत्तावीस. हातखंब्याच्या पुढच्या एका गावातून एसटीने यायची. वडील मुंबईला एका गोदामात कामाला, इथे ही, आई आणि धाकटा भाऊ. पहिल्या सत्रात तिला टायफॉइड झाला आणि लेखी विषय मागे पडले. प्रात्यक्षिकाचे गुण हाच तिचा आधार होता. फार्मसीला जायचं तिच्या मनात होतं. वडिलांनी सांगितलं होतं, गुण आले तर बघू, नाहीतर मुंबईला ये, आत्याच्या ओळखीने दुकानात चिकटवू. हे तिने मला डबा खाताना सांगितलेलं होतं, म्हणून मला माहीत.

"मॅडम, हिचं बघा," परीक्षक म्हणाले. "चौदा. आणि एकदा नाही, तिन्ही वेळा चौदा. बाकी सगळ्या वर्गाचं दहा."

मग तिच्याकडे वळून ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ, चौदा खोड, दहा कर. मी पलीकडे बघतो. नाहीतर मला ह्या प्रयोगाला शून्य द्यावं लागेल."

"पण सर, चौदाच आलं."

"यायला हवं दहा."

"परत करून बघू?"

"वेळ संपली आता."

तिने पेन हातात घेतलं. उघडलं. मग टोपण परत लावलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं, लिही बाई दहा आणि मोकळी हो.

तेवढ्यात सर आले. त्यांनी पत्रिकेकडे पाहिलंच नाही.

"सत्तावीस, गुलाबी कसा होता?"

"फिकट, सर. हलवल्यावर पण राहिला."

"गरम नीट केलं होतंस?"

"हो. शंकुपात्राला हात लावला तर चटका बसला."

"मग सगळ्यांसारखं दहा का नाही लिहिलंस?"

"आलं नाही म्हणून."

परीक्षक म्हणाले, "सर, हिच्या एकटीच्या ब्युरेटपायी तुम्ही सगळा वर्ग खोटा ठरवणार का?"

"मी कुणाला काही ठरवत नाही. चौदा कुठून आलं तेवढं बघतो."

त्यांनी खिशातून खडू काढला. सरांच्या खिशात खडू कायम असे, वहिनींच्या कपडे धुण्याचा तो एक स्वतंत्र विषय होता. काळ्या टेबलावर त्यांनी लिहिलं, दहा आणि चौदा. खाली लिहिलं, एक आणि एक पॉइंट चार. मग खडू टेबलावर टेकवून तसेच उभे राहिले. आणि त्यांनी लिहिलं, नव्वद.

"नव्वदला एक पॉइंट चारने गुणा," ते परीक्षकांना म्हणाले.

परीक्षकांनी मनात गुणलं. "एकशे सव्वीस."

"पाहुणे आलेच नाहीत," मुलगी एकदम म्हणाली.

"कुठले पाहुणे?" परीक्षकांनी दाराकडे बघितलं.

सरांनी तिला हातानेच सांगितलं, बोल. ती आता टेबलाजवळ सरकली होती. "सर, भात एकशे सव्वीसचा टाकला. घरची माणसं नव्वदची आणि पाहुणे छत्तीसचे. पाहुणे आलेच नाहीत, तर सगळा भात घरच्यांच्या वाट्याला गेला. म्हणून आम्ल जास्त झालं. दहाचं चौदा झालं."

मी परीक्षकांना नीट समजावलं. लिटरला किती ग्रॅम आम्ल घालायचं, हे आमच्या कपाटात लावलेल्या कार्डावर आहे, आणि ते पाणी धरलेल्या आम्लासाठी आहे. तेवढंच वजन बिनपाण्याच्या आम्लाचं घेतलं, तर द्रावण सरळ एक पॉइंट चार पट कडक होतं.

"पण बाटलीवर तर पाण्यासकट सूत्र आहे," परीक्षक बाटली उचलून म्हणाले. खरंच होतं. तपकिरी काचेची जुनी बाटली, लेबल स्पष्ट.

सरांनी बाटलीचं काचेचं बूच फिरवून पाहिलं आणि हाक मारली, "मामा."

मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. द्रावणं तेच करायचे आणि वजनाला त्यांचा हात पक्का. ते फडक्याला हात पुसत आले.

"मामा, ह्या बाटलीत नवा माल कधी भरलात?"

"मागल्या आठवड्यात. नवीन डबा आला ना, पलास्टिकचा. काचेची बाटली टाकवत नाय वो सर. बूच कसं घट्ट बसतंय तिचं. म्हनून धुवून, सुकवून, त्यात ओतला."

"आणि डबा कुठे आहे?"

मामांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

खिडकीखालच्या कट्ट्यावर मामांची बाग होती. आमच्या विभागाचा एकही रिकामा डबा वाया जात नसे. अबोली, कोरफड, गवती चहा, आणि एका नव्या पांढऱ्या डब्यात नुकताच लावलेला पानओवा. मी खाली गेले, डबा उचलला आणि त्यावरची तांबडी माती पदराने पुसली. लेबलाची एक कड फाटलेली होती. बाकीच्या भागावर इंग्रजीत छापलं होतं, निर्जल. सूत्रापुढे पाणी नव्हतं. खाली आकडा होता नव्वद.

पानओव्यासकट तो डबा मी परीक्षकांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सर डब्याकडे न बघता ओव्याचं पान चुरडून हुंगत होते.

परीक्षक मात्र उठले. बाह्या वर केल्या आणि स्वतः ब्युरेट भरली. दुपारची गाडी गेली, त्यांनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही. फिकट गुलाबी रंग आला तेव्हा ते वाकून, डोळा रेषेत आणून बराच वेळ बघत राहिले.

"चौदा," ते म्हणाले. मग त्यांची नजर गठ्ठ्याकडे गेली. "म्हणजे बाकीच्यांनी..."

"त्यांना दहा वहिवाटीने मिळालंय," सर म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात सगळा वर्ग उभा होता. आत काय चाललंय ते त्यांना कळलेलं होतं आणि आपण काय लिहिलंय तेही आठवत होतं. परीक्षकांनी मनात आणलं असतं तर सगळ्यांना शून्य मिळालं असतं. सर त्यांना म्हणाले, "चूक द्रावणाची आहे, त्यामुळे परत घ्यावंच लागेल. घेऊ या का आत्ताच? फक्त ह्या वेळी द्रावण मी करतो."

"माझी गाडी," परीक्षक म्हणाले, पण सवयीने.

"संध्याकाळी राजापूरला आणखी एक गाडी आहे," मी म्हटलं. "मामा स्टँडवर जाऊन जागा धरतील. तोवर चहा आणि कांदाभजी मागवलीय." ती आधीच मागवली होती. परीक्षा लांबली तर काय, हे माझ्या यादीत नेहमी असतं.

सरांनी नवं द्रावण केलं. किती ग्रॅम घातलं ते मलाही सांगितलं नाही. दहा येणार नाही आणि चौदाही येणार नाही, एवढंच म्हणाले. मग त्या दुपारी मी आमच्या प्रयोगशाळेत एक नवीन दृश्य पाहिलं. एकेक मूल ब्युरेटसमोर वाकून, थेंब मोजत, खरोखर बघत होतं. कुणी शेजाऱ्याला विचारत नव्हतं, कारण शेजाऱ्यालाही माहीत नव्हतं.

"तुला परत करायची गरज नाही," परीक्षक सत्तावीसला म्हणाले. "तुझे गुण दिले मी. पैकीच्या पैकी."

"करू का पण, सर? आता किती येतंय ते बघायचंय."

परीक्षक दिवसभरात पहिल्यांदा हसले.

सगळं आवरल्यावर सर मामांना म्हणाले, "बूच खरंच घट्ट बसतं हो बाटलीचं. पण आतली माणसं बदलली की दारावरची पाटीही बदलायची." मामांनी मान हलवली. तेव्हापासून आमच्याकडे नव्या डब्याचं लेबल आधी कापून बाटलीवर चिकटवतात, मगच डबा बागेत जातो. माझ्या यादीत ती पहिली ओळ आहे.

टीचर्स रूममध्ये सर चहा घेऊन बसले. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅडम, चौदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पोरगी चुकली. मग वाटलं, हिने चुकून एवढं नीट तीनदा चौदा आणलं असेल, तर इतकी वर्षं मी इथे काय केलं?" थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "आलं नाही म्हणून." आणि हसले.

निकाल लागला. मुलगी पास झाली, चांगल्या गुणांनी. वडिलांनी मुंबईहून फोन करून हो म्हटलं आणि तिला फार्मसीला प्रवेश मिळाला. सर निवृत्त झाले. गणपतीला मुलीच्या आईने आम्हाला दर्शनाला बोलावलं. सर, वहिनी आणि मी रिक्षाने गेलो. घर भरलेलं होतं. मुंबईहून आलेले वडील, काका, आत्या, ओटीवर पोरं, पडवीत भजनाचे टाळ. सरांनी गणपतीला नमस्कार केला, प्रसाद घेतला, मुलीच्या वडिलांचा हात हातात धरून थोडं बोलले. मग जेवणाची वेळ होत आली तसे उठले आणि दारात जाऊन चपला शोधू लागले. वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली.

"सर, जेवल्याबिगर जायाचं नाय," आई आतून बाहेर आली.

"नको, नको. माझा भात टाकलेला नाही."

आई मुलीकडे बघायला लागली. मुलगी उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. हातात भाताची मूद पाडायची वाटी होती.

"टाकलाय, सर. सकाळीच. तुम्ही तिघं धरून."

सरांनी एक चप्पल पायात घातलेली होती. ती त्यांनी काढून भिंतीला नीट लावून ठेवली आणि मला म्हणाले, "चला मॅडम, हात धुवा. आपल्याला वजनात धरलंय."